वाचकांचे प्रश्न : क्लाउडवरच्या फायली स्क्रिप्टने उतरवताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच कामाभोवती फिरतात. गूगल ड्राइव्ह किंवा अ‍ॅमेझॉन एस३ यांसारख्या क्लाउड साठ्यात शेकडो फायली पडलेल्या आहेत, त्या एकेक करून उतरवणे शक्य नाही आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेत छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, लिहून पाहिली, तर ती कुठेतरी अडते. काही वाचकांच्या बाबतीत ती अडतही नाही, मुकाट्याने चुकते, आणि हा प्रकार अधिक त्रासाचा आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनालयाने जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर ठेवले आहेत. त्यांची एक प्रत वाचनालयातील हार्ड डिस्कवर असावी, म्हणून प्रत्येक अंकाची शेअर लिंक यादीत घेऊन मी पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’ या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) सर्व फायली उतरवल्या. स्क्रिप्ट कोणतीही चूक न दाखवता संपली, फायलींची संख्याही जुळली. पण एकही पीडीएफ उघडत नाही. मूळ फायली खराब झाल्या असतील का?
— ग्रंथालय कार्यकर्ती, सावंतवाडी

उत्तर : मूळ फायलींना काहीही झालेले नाही. उतरलेल्यांपैकी कोणतीही एक फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या खुणेने होते आणि तिला चिकटून पीडीएफ ही तीन रोमन अक्षरे असतात. आपल्या फाइलच्या आरंभी त्याऐवजी एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेतल्या कोनी कंसांच्या खुणा दिसतील, आणि थोडे खाली गेल्यास गूगल ड्राइव्हच्या पानाचा मजकूर सापडेल. शेअर लिंक हा फाइलचा पत्ता नसतो. फाइल दाखवणाऱ्या वेबपानाचा तो पत्ता असतो. ब्राउझर ते पान उघडतो, त्यातली जावास्क्रिप्ट चालवतो आणि मग आपल्याला अंक दिसतो. स्क्रिप्टने तेच पान उचलले आणि त्याला आपण सांगितलेले नाव दिले. सर्व्हरच्या दृष्टीने त्याने मागितलेले पान बिनचूक पाठवले होते, त्यामुळे त्याने २०० हा यशाचा संकेतांक दिला आणि स्क्रिप्टला तक्रारीचे कारण उरले नाही.

लिंकमध्ये थोडा बदल करून थेट डाउनलोडचा पत्ता बनवण्याची युक्ती अनेकांना ठाऊक असते, आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या लहान फायलींच्या बाबतीत ती चालतेही. मात्र १०० एमबीपेक्षा मोठ्या फाइलची व्हायरस तपासणी गूगल ड्राइव्ह करत नाही आणि तसा इशारा देणारे एक पान मध्ये आणून ठेवते. परिणामी लहान अंक नीट उतरतात आणि नेमके जाडजूड दिवाळी अंक पुन्हा वेबपानाच्या रूपात हाती पडतात. त्यामुळे आपल्या कामासाठी ही युक्ती सोडून द्यावी आणि ड्राइव्हचा अधिकृत एपीआय, म्हणजे प्रोग्रामने ड्राइव्हशी बोलण्याची ठरलेली सोय, वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी गूगल क्लाउड कन्सोलमध्ये एक प्रोजेक्ट उघडून त्यात ड्राइव्ह एपीआय सुरू करावा लागतो. पुढे दोन वाटा आहेत. पहिलीत आपण स्वतःच्या खात्याने ओऑथ पद्धतीने, म्हणजे स्क्रिप्टला पासवर्ड न सांगता, परवानगी देता आणि स्क्रिप्ट मिळालेले टोकन (त्या परवानगीची डिजिटल खूण) जपून ठेवते. येथे एक अडचण पुष्कळांना कोड्यात टाकते. जीमेलच्या साध्या खात्यावर प्रोजेक्ट ‘टेस्टिंग’ अवस्थेतच ठेवला असेल, तर परवानगी ७ दिवसांत संपते, आणि पहिल्या आठवड्यात उत्तम चाललेली स्क्रिप्ट आठव्या दिवशी टोकन अमान्य असल्याचे सांगून थांबते. दुसरी वाट सर्व्हिस अकाउंटची आहे. हे माणसाचे नव्हे, स्क्रिप्टचे खाते असते. त्याला स्वतःचा ईमेल पत्ता मिळतो, आणि अंकांचे फोल्डर त्या पत्त्याशी केवळ ‘व्ह्यूअर’ म्हणून शेअर केले की काम भागते. वाचनालयात कार्यकर्ते बदलत असतात आणि कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यावर ही व्यवस्था अवलंबून ठेवणे योग्य नाही, म्हणून आपल्याला ही दुसरी वाट अधिक सोयीची पडेल. कोणतीही वाट धरली तरी अधिकार फक्त वाचनाचाच मागावा. उतरवणाऱ्या स्क्रिप्टला ड्राइव्हवरचे काही पुसण्याचा हक्क असण्याचे कारणच नाही.

आता फायलींच्या यादीविषयी. हाताने जमवलेल्या लिंकांची यादी बाजूला ठेवून फोल्डरमधील फायलींची नावे एपीआयकडूनच मागावीत. मात्र तो सगळी यादी एकदम देत नाही. आपण काही सांगितले नाही तर एका खेपेस १०० नावे मिळतात, सांगितल्यास जास्तीत जास्त १०००. उरलेल्यांसाठी उत्तराबरोबर ‘नेक्स्ट पेज टोकन’ येते, आणि ते येणे बंद होईपर्यंत पुन्हापुन्हा मागणी करत राहावी लागते. हा फेरा लिहायचा राहिला, तर स्क्रिप्ट बरोबर १०० फायली उतरवून समाधानाने थांबते. आलेला आकडा असा नेमका गोल दिसला, की आधी या जागी पाहावे. शिवाय ही यादी फक्त त्या फोल्डरच्या थेट आतल्या वस्तूंची असते. वर्षवार उपफोल्डर केले असतील, तर प्रत्येकात शिरून हाच फेरा पुन्हा करावा लागेल. कचरापेटीतल्या फायली वगळण्याची अट मागणीत स्वतंत्रपणे घालावी लागते, आणि फोल्डर एखाद्या संस्थेच्या ‘शेअर्ड ड्राइव्ह’मध्ये असेल, तर ते विचारात घेण्याची सूचनाही निराळी द्यावी लागते, ती न दिल्यास रिकामी यादी येते.

ड्राइव्हवर एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली सुखाने नांदू शकतात, कारण ड्राइव्ह फाइलला नावाने ओळखत नाही, आयडीने ओळखतो. आपल्या हार्ड डिस्कवर तसे चालत नाही. ‘मुखपृष्ठ.पीडीएफ’ नावाच्या तीन फायली असतील, तर तिसरी पहिल्या दोघींना पुसून त्यांच्या जागी बसेल आणि स्क्रिप्ट तीन फायली उतरल्याचे सांगेल. यावर उपाय म्हणून नावाच्या शेवटी आयडीची काही अक्षरे जोडावीत.

राहता राहिली अंकांच्या सूचीसारखी गूगल डॉक्स किंवा शीट्समधील कागदपत्रे. त्यांना तयार फाइल अशी नसतेच. ती डॉकएक्स, पीडीएफ किंवा तत्सम रूपात ‘एक्स्पोर्ट’ करून घ्यावी लागतात, आणि एपीआयमार्फत अशा एक्स्पोर्टची मर्यादा १० एमबी आहे. एखाद्या शीटमध्ये चित्रे भरली असतील, तर ती हाताने उतरवणे सोपे पडेल.

प्रश्न : आमच्याकडे दुपारी वीज जाते आणि तिच्यामागोमाग इंटरनेटही. व्याख्यानांची ध्वनिचित्रमुद्रणे मोठी असल्याने डाउनलोड अर्ध्यावर तुटते आणि स्क्रिप्ट दर वेळी शून्यापासून सुरुवात करते. तुटले तिथून पुढे नेण्याची सोय आहे का? आणि अर्धवट उतरलेली फाइल पूर्ण उतरलेलीपासून वेगळी ओळखायची कशी?
— महाविद्यालयीन प्राध्यापक, उदगीर

उत्तर : सोय आहे आणि ती एचटीटीपीत, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांतच, आहे. मागणीबरोबर ‘रेंज’ नावाचा हेडर (मागणीला जोडलेली सूचना) पाठवून अमुक बाइटपासून पुढचे द्या, असे सर्व्हरला सांगता येते. ड्राइव्ह, एस३ आणि बहुतेक मोठे साठे हे मान्य करतात. स्क्रिप्टने आधी डिस्कवरच्या अर्धवट फाइलचा आकार पाहावा, तेवढ्या बाइटांपुढचा भाग मागावा आणि आलेला मजकूर त्याच फाइलच्या शेवटी जोडावा. यात एक खाच आहे. सर्व्हरने विनंती मानली असेल तर संकेतांक २०६ येतो. तो २०० आला, तर सर्व्हरने आपले म्हणणे दुर्लक्षून संपूर्ण फाइल पहिल्यापासून पाठवायला घेतली आहे, असा अर्थ होतो; आणि अशा वेळी डोळे मिटून जोडत गेल्यास आधीच्या अर्ध्या व्हिडिओच्या शेपटाला अख्खा व्हिडिओ चिकटतो. म्हणून २०६ असेल तरच जोडावे, २०० असेल तर जुना तुकडा टाकून नव्याने लिहावे. ४१६ हा संकेतांक आला, तर मागितलेला भाग फाइलच्या टोकापलीकडचा आहे, म्हणजे बहुधा फाइल आधीच पूर्ण आहे, असे समजून आकार ताडून पाहावा. दोन खेपांच्या मध्ये कोणी मूळ फाइल बदलली असण्याची शक्यता असेल, तर ‘इफ-रेंज’ हेडरमध्ये आधीचा ईटॅग (फाइलच्या त्या आवृत्तीची सर्व्हरने दिलेली खूण) पाठवावा. फाइल बदललेली असल्यास सर्व्हर आपोआप पूर्ण नवी प्रत देतो.

गूगलच्या पायथन लायब्ररीत तुकड्यातुकड्याने उतरवण्याची व्यवस्था आहे, पण तिचा ठरावीक तुकडा १०० एमबीचा असतो. आपल्यासारख्या ठिकाणी तो ५ ते १० एमबीवर आणावा, म्हणजे तुटल्यास थोडेच वाया जाईल. ही व्यवस्था स्क्रिप्ट चालू असेपर्यंतच प्रगती लक्षात ठेवते. संगणकच बंद पडला, तर नवी स्क्रिप्ट पुन्हा शून्यावरून निघते. तेथे वर सांगितलेली रेंजची पद्धत स्वतः लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

अर्धवट आणि पूर्ण फाइल ओळखण्याचा सर्वांत साधा उपाय नावात आहे. उतरत असताना फाइलच्या नावामागे ‘पार्ट’ असे तात्पुरते शेपूट ठेवावे, आणि आकार व चेकसम (फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण) जुळल्यावरच ते काढून खरे नाव द्यावे. पायथनमधील ‘ओएस रिप्लेस’ ही आज्ञा हे नामांतर एका फटक्यात करते, त्यामुळे नेमक्या त्या क्षणी वीज गेली तरी फोल्डरमध्ये खऱ्या नावाची अर्धी फाइल राहत नाही. दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट पुन्हा चालवली, की खरे नाव असलेल्या फायली तिने सोडून द्याव्यात आणि शेपूटवाल्या पुढे न्याव्यात.

चेकसम हा शब्द आलाच आहे, तर थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक स्क्रिप्टांमध्ये हीच पायरी गाळलेली असते. ड्राइव्ह प्रत्येक अपलोड केलेल्या फाइलचा एमडी५ या पद्धतीचा चेकसम स्वतःजवळ ठेवतो आणि मागितल्यास देतो. मात्र तो यादीत आपोआप येत नाही. नाव, आयडी यांच्याबरोबर आकार आणि चेकसम ही क्षेत्रेही हवीत, असे मागणीत लिहावे लागते. उतरलेल्या फाइलचा एमडी५ पायथनच्या ‘हॅशलिब’ने काढून दोन्ही जुळवले, की फाइल पूर्ण आणि बिनचूक आली याची खात्री पटते. गूगल डॉक्सना असा चेकसम नसतो, कारण त्यांची फाइल एक्स्पोर्टच्या वेळी नव्याने तयार होते. ड्रॉपबॉक्सचा हिशेब निराळा आहे. तो फाइलचे ४ एमबीचे तुकडे पाडतो, प्रत्येकाचा एसएचए-२५६ या दुसऱ्या पद्धतीचा चेकसम काढतो, ते एकापुढे एक जोडतो आणि त्या जोडणीचा पुन्हा एसएचए-२५६ काढतो. तेथे साधा चेकसम काढून जुळवू पाहणाऱ्याला सगळ्याच फायली खराब वाटतील.

‘रिक्वेस्ट्स’ वापरताना वेळेची मर्यादा आवर्जून द्यावी. ती न दिल्यास ही लायब्ररी उत्तराची वाट अमर्याद काळ पाहत राहते, आणि इंटरनेट गेल्यावर स्क्रिप्ट बंदही पडत नाही, पुढेही सरकत नाही. नुसती उभी असते. मोठी फाइल ‘स्ट्रीम’ पद्धतीने तुकड्यांत लिहावी, नाहीतर ती सगळी आधी रॅममध्ये भरली जाते. मागणी फसली तर लगेच पुन्हा न मागता १, २, ४, ८ सेकंद असे वाढते अंतर ठेवावे आणि त्यात थोडी यादृच्छिक भर घालावी. ४२९ (मागण्या फार झाल्या) किंवा ५०० च्या घरातले (सर्व्हरची अडचण) संकेतांक आले तर असे थांबून पुन्हा मागण्यात अर्थ आहे. ४०४ आला, तर फाइल तेथे नाही किंवा आपल्याला ती पाहण्याची परवानगी नाही. कितीही वेळ थांबले तरी ती येणार नाही.

प्रश्न : घरच्या विंडोज संगणकावर नीट चालणारी माझी स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर ‘फाइल नेम टू लाँग’ अशी चूक देते. सर्व नावे मराठीत आहेत आणि त्यांतले कोणतेही नाव १२० अक्षरांहून मोठे नाही. त्याशिवाय, ड्राइव्हवरची यादी आणि उतरलेल्या फायली यांची तुलना केली, तर डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी काही नावे स्क्रिप्टला वेगळी वाटतात.
— संशोधक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : हा प्रश्न आल्याचा विशेष आनंद वाटला, कारण इंग्रजी नावे वापरणाऱ्यांना याची झळ क्वचितच लागते आणि त्यांच्या मदतपानांवर यावर फारसे काही सापडत नाही.

लिनक्सच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते; मर्यादा बाइटांची आहे, अक्षरांची नाही. अक्षरे बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३. चिन्ह म्हणजे येथे मुळाक्षर, काना, वेलांटी, हलन्त असे सगळे सुटे सुटे मोजायचे. ‘महाराष्ट्र’ हा एक शब्द १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटांचा होतो. तेव्हा देवनागरी नावाची खरी मर्यादा सुमारे ८५ चिन्हांवर येते, आणि ‘…यांच्या अप्रकाशित पत्रव्यवहाराची हस्तलिखित प्रत’ अशा धाटणीची नावे ती सहज ओलांडतात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल व्यवस्थेत मर्यादा २५५ एककांची असते आणि देवनागरी चिन्हाला एकच एकक लागते, म्हणून तेथे तीच नावे बसतात. विंडोजवर फोल्डरांसह पूर्ण मार्गाची २६० ची जुनी मर्यादा मात्र सांभाळावी लागते.

नाव छाटायचे ठरवल्यास ते बाइटांवर आंधळेपणाने कापू नये; मध्येच कापलेले चिन्ह वाचता येत नाही. हलन्तावर कापले तर शेवटी लंगडे अक्षर उरते. माझा सल्ला असा, की डिस्कवरच्या नावात वर्ष, छोटा शब्द आणि आयडीची काही अक्षरे एवढेच ठेवावे, आणि मूळ पूर्ण नाव, आयडी, आकार व चेकसम यांची नोंद एका सीएसव्ही फाइलमध्ये करावी. ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल, तर लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्यावे, नाहीतर मराठी मजकुराच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात.

एक सूचना सरकारी किंवा संस्थात्मक कागदपत्रे हाताळणाऱ्यांसाठी. ‘जा.क्र. ४५/२०१९’ असे नाव ड्राइव्हवर चालते, पण त्यातली तिरकी रेघ डिस्कवर फोल्डरची खूण ठरते आणि स्क्रिप्ट ‘जा.क्र. ४५’ नावाचे फोल्डर शोधू लागते. ती रेघ, तसेच विंडोजला न चालणारे अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन आणि दुहेरी अवतरण बदलून त्यांजागी आडवी रेघ घालावी.

आता सारख्या दिसणाऱ्या वेगळ्या नावांविषयी. ‘दौऱ्याचे फोटो’ हे नाव घ्या. त्यातला डोळ्यांच्या पापणीसारखा दिसणारा रफार टंकण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ‘ऱ’ हे एकच चिन्ह देतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’ आणि वेगळे टिंब, म्हणजे नुक्ता, अशी दोन चिन्हे येतात. तिसरीत साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवलेले असते. पडद्यावर तिन्ही एकच, बाइट मात्र तीन प्रकारचे. पायथनच्या ‘युनिकोडडेटा’तील नॉर्मलायझेशन, त्यातही एनएफसी हे रूप, पहिल्या दोन रीती एकत्र आणते. तिसरीला ते हात लावत नाही; तिच्यासाठी बदलाचा एक नियम आपल्यालाच लिहावा लागतो. ‘ॲ’चेही तसेच आहे. हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले, आणि ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले रूपही वापरात आहे. एनएफसी या दोघांना वेगळेच मानते. तेव्हा तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजूंची नावे एनएफसीमधून काढावीत, त्यानंतर हे दोन नियम लावावेत, आणि तरीही शंका राहिली तर नावांची तुलना सोडून आयडी व चेकसम यांच्यावर विसंबावे.

प्रश्न : गूगल फोटोजमधील कुटुंबाची सर्व छायाचित्रे उतरवणारी माझी स्क्रिप्ट चांगली चालत असे, आता तिला परवानगीच मिळत नाही. कोडमध्ये काही बदललेले नाही.
— वाचक, सॅन होजे

उत्तर : बदल गूगलने केला आहे. ३१ मार्च २०२५ पासून फोटोजच्या एपीआयमधील संपूर्ण संग्रह वाचण्याची परवानगी काढून टाकण्यात आली. आता एखादे ॲप स्वतःच चढवलेली छायाचित्रे पाहू शकते, किंवा वापरकर्त्याने ‘पिकर’मधून हाताने निवडून दिलेली. सगळा संग्रह हवा असल्यास ‘गूगल टेकआउट’ वापरावे. तुकड्याचा आकार ५० जीबीपर्यंत निवडता येतो, आणि दर २ महिन्यांनी वर्षभर आपोआप प्रत तयार करण्याचा पर्यायही आहे. दुवा साधारण आठवडाभरच जिवंत राहतो, म्हणून ईमेल येताच उतरवून घ्यावे. छायाचित्रांबरोबर येणाऱ्या जेसन फायली निरुपयोगी समजून पुसू नयेत; काढल्याची तारीख आणि वर्णन त्यांत असते.

प्रश्न : मी एका छोट्या कंपनीत नव्याने लागलो आहे. अ‍ॅमेझॉन एस३ वरील एक ‘फोल्डर’ रोज उतरवण्याची स्क्रिप्ट ‘बोटो३’ या पायथन लायब्ररीने लिहिली आहे. काही फायलींचा एमडी५ ईटॅगशी जुळत नाही, एक दोन जागी स्क्रिप्ट चूक देऊन थांबते, आणि वरिष्ठ म्हणतात की असे रोज उतरवल्याने बिल वाढेल. शिवाय आधीच्या सहकाऱ्याने ॲक्सेस की (खात्यात शिरण्याची गुप्त किल्ली) स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवली होती व ती गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर गेली आहे.
— वाचक, पुणे

उत्तर : शेवटची गोष्ट सर्वांत आधी करावी, हे उत्तर पूर्ण वाचण्याच्याही आधी. ती की आयएएम या परवानग्यांच्या विभागात जाऊन निष्क्रिय करावी आणि नवी काढावी. गिटहबवरून ती ओळ पुसून भागत नाही, कारण जुन्या नोंदींत ती तशीच राहते आणि अशा कींच्या शोधात यंत्रे सतत फिरत असतात. नवी की स्क्रिप्टमध्ये न लिहिता संगणकावरील एडब्ल्यूएसच्या (याच क्लाउड सेवेच्या) क्रेडेन्शियल फाइलमध्ये ठेवावी, आणि तिला त्या एका बकेटची (एस३ मधील साठ्याच्या कप्प्याची) यादी पाहण्याचा व वाचनाचा अधिकार द्यावा, अधिक काही नको. स्क्रिप्ट अ‍ॅमेझॉनच्याच ईसी२ या भाड्याच्या यंत्रावर चालत असेल, तर की न वापरता रोल (यंत्रालाच दिलेली परवानगी) द्यावा.

एस३ मध्ये फोल्डर नसतातच. असते ते एक लांबलचक नाव, ज्यात तिरक्या रेघा असतात, आणि कन्सोल त्या रेघांवरून फोल्डर असल्याचा भास निर्माण करतो. कोणी कन्सोलमधून ‘नवे फोल्डर’ केले असेल, तर तिरक्या रेघेने संपणारी शून्य बाइटांची एक वस्तू तयार होते. आपली स्क्रिप्ट थांबते ती बहुधा तिच्यावर. अशी नावे वगळावीत. यादी येथेही एका खेपेस १००० नावांचीच येते. बोटो३ मधील ‘पेजिनेटर’ पुढचे फेरे स्वतः करतो.

ईटॅग न जुळण्याचे कारण त्याच्या शेवटी पाहावे. तेथे आडवी रेघ आणि एखादा आकडा असेल, तर ती फाइल तुकड्यांत चढवलेली आहे आणि तो ईटॅग साधा एमडी५ नाही. आकडा तुकड्यांची संख्या सांगतो. बोटो३ आपल्या नेहमीच्या मांडणीत ८ एमबीपासून पुढच्या फायली तुकड्यांत चढवतो, त्यामुळे मोठ्या फायलींचे बहुतेक ईटॅग असेच असतात. अशा वेळी एस३ ने नोंदवलेला वेगळा चेकसम असल्यास तो मागावा, नाहीतर निदान आकार जुळवावा. काही वस्तू ‘ग्लेशियर’ या क्वचित लागणाऱ्या डेटाच्या वर्गात गेलेल्या असू शकतात. त्या थेट उतरत नाहीत, आधी परत मागवाव्या लागतात, आणि ‘डीप आर्काइव्ह’मधून नेहमीच्या पद्धतीने मागवल्यास १२ तासांपर्यंत वाट पाहावी लागते.

बिलाविषयी वरिष्ठांचे म्हणणे रास्त आहे. अ‍ॅमेझॉनमध्ये डेटा आत नेणे फुकट असते, इंटरनेटवर बाहेर काढणे मात्र महिन्याला पहिल्या १०० जीबीनंतर सशुल्क होते. रोज सगळे उतरवण्याऐवजी आकार आणि बदलाची वेळ पाहून नवे तेवढेच उतरवावे. कंपनीचे दुसरे यंत्र अ‍ॅमेझॉनच्या त्याच रीजनमध्ये (बकेट ज्या डेटाकेंद्रांच्या विभागात आहे तेथे) असेल, तर काम तेथेच उरकावे. एकाच रीजनमधील एस३ ते ईसी२ वाहतुकीला शुल्क नाही. बाहेरच्या कोणाला एखादीच फाइल द्यायची असेल, तर की न देता ‘प्रीसाइन्ड’ (आधीच परवानगी जोडलेला) दुवा द्यावा. त्याची मुदत कमाल ७ दिवस असते, आणि तो तात्पुरत्या परवानगीने बनवला असेल तर त्या परवानगीबरोबरच संपतो.

प्रश्न : मला प्रोग्रामिंग येत नाही. स्क्रिप्ट न लिहिता हे सर्व होईल असे काही आहे का?
— निवृत्त शिक्षक, मडगाव

उत्तर : आहे, आणि ज्यांना प्रोग्रामिंग येते त्यांनीही आधी तेच पाहावे. ‘आरक्लोन’ हे मुक्त सॉफ्टवेअर गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, एस३ अशा अनेक साठ्यांशी बोलते. याद्यांचे फेरे, पुन्हा मागणे, चेकसम जुळवणे हे सगळे स्वतः करते आणि गूगल डॉक्स आपोआप डॉकएक्समध्ये आणून देते. सुरुवातीला त्याची ‘कॉन्फिग’ आज्ञा चालवून प्रश्नांची उत्तरे देत जावे. ड्राइव्हसाठी आपला स्वतःचा क्लायंट आयडी काढून घ्यावा, कारण तयार आयडी जगभरचे लोक वापरत असल्याने वेग मंदावतो. दिवसा घरातल्या इतरांचे इंटरनेट अडू नये म्हणून वेळेनुसार वेगमर्यादाही ठरवता येते.

आज्ञा निवडताना जपावे. ‘कॉपी’ ही आज्ञा नवे व बदललेले तेवढे आणते आणि आपल्याकडचे काही पुसत नाही. ‘सिंक’ दोन्ही बाजू एकसारख्या करते, म्हणजे क्लाउडवर जे नाही ते आपल्या डिस्कवरूनही काढून टाकते. आणि मूळ व लक्ष्य यांची जागा उलट लिहिली गेली, तर रिकाम्या डिस्कप्रमाणे क्लाउडच रिकामा होतो. संग्रहाची प्रत ठेवायची असेल तर ‘कॉपी’च वापरावी. पहिल्या वेळी आज्ञेला ‘ड्राय-रन’ जोडावे, म्हणजे प्रत्यक्ष काही न करता काय घडेल त्याची यादी मिळते. उतरवून झाल्यावर ‘चेक’ ही आज्ञा चालवावी. कोणत्या फायली राहिल्या आणि कोणत्या जुळत नाहीत, ते ती नावानिशी सांगते, आणि तेवढ्यांसाठी ‘कॉपी’ पुन्हा एकदा चालवली की काम पुरे होते.